बोलण्याचा हेल
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर बोलणाऱ्याची एक अडचण असते. ऐकणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही. मी हसते आहे की कपाळाला आठ्या घालून बोलते आहे, हे तुम्हाला कळायचं ते केवळ आवाजावरून. आणि गंमत म्हणजे ते कळतंच. पहिल्या दोन-तीन वाक्यांतच ही बाई प्रेमळ आहे, शिष्ट आहे, की नुसती कागद बघून वाचते आहे, याचा अंदाज तुम्ही बांधूनही मोकळे झालेले असता.

साधा 'बरं' हा शब्द घ्या. आईने काम सांगितलं आणि मुलगी 'बरं' म्हणाली, तर तो होकार. रात्री अकराला घरी आलेला मुलगा 'मित्राकडे अभ्यास करत होतो' म्हणाला आणि वडिलांनी नुसतं 'बरंऽऽ' म्हटलं, तर तो उलटतपासणीचा आरंभ. फोनवर कुणी लांबण लावली की आपण 'बरं, बरं' म्हणतो, त्याचा अर्थ 'आता पुरे'. शब्द एकच. सगळा फरक सुराचा. आवाज कुठे चढला, कुठे उतरला, कुठल्या अक्षरावर जोर पडला, कुठे थांबलो, कुठे घाई केली, या सगळ्याला मिळून आपल्याकडे फार चांगला शब्द आहे : हेल. मालवणी हेल, वऱ्हाडी हेल असं आपण सहज म्हणतो. पण गावाचा असतो तसा माणसाचाही एक हेल असतो, आणि प्रसंगाचाही असतो.

हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. शाळेत ऱ्हस्व-दीर्घ शिकवतात. 'बरं' किती तऱ्हांनी म्हणायचं, हे शिकवत नाहीत. मूल ते घरात आणि अंगणात आपोआप उचलतं. पण काही माणसांच्या बाबतीत हे आपोआप होत नाही, किंवा निराळ्याच वाटेने होतं. ऑटिझम असलेल्या माणसांबद्दल मी बोलते आहे. मी वाचा-उपचाराचं काम करते, त्यामुळे या मुलांचे आवाज अनेक वर्षं माझ्या कानांवर आहेत. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. शब्द रूढ झाला आहे, पण मला तो फारसा पटत नाही. त्यातून असं वाटतं, की हे मूल स्वतःतच बुडालेलं आहे आणि त्याला बाहेरच्याशी काही देणंघेणं नाही. आवाजाच्या बाबतीत नेमका हाच गैरसमज होतो.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून ऑटिझम हे नाव आजच्या अर्थाने वापरात आलं. त्या अकरांपैकी तीन मुलं बोलत नव्हती. आठ बोलत होती, पण कॅनर यांना त्यांचं बोलणं चमत्कारिक वाटलं. ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं म्हणत, आणि 'मी'च्या जागी 'तू' वापरत. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांचा निबंध आला. त्यांनी तर या मुलांच्या आवाजाकडे मुद्दाम लक्ष वेधलं आहे. कुणाचा आवाज मऊ आणि दूरवरून आल्यासारखा, कुणाचा कर्कश, कुणी एका ठरावीक चालीवर बोलणारा, तर कुणी कविता म्हणून दाखवावी तसा चढउतार करत बोलणारा. (नाझी राजवटीत अपंग मुलांना मारण्याची जी यंत्रणा होती तिच्याशी या अ‍ॅस्पर्गर यांनी सहकार्य केलं होतं, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. त्यांचं नाव घेताना हेही सांगायला हवं.)

म्हणजे 'ऑटिस्टिक माणसं एकसुरी, यंत्रासारखी बोलतात' ही जी सिनेमांनी पसरवलेली समजूत आहे, ती पहिल्यापासूनच अर्धवट होती. आता आवाज मोजता येतो. गळ्यातल्या स्वरतंतूंची सेकंदाला किती कंपनं होतात, त्यावर आवाजाची पट्टी ठरते. पुरुषाची साधारण सव्वाशेच्या आसपास, बाईची दोनशेच्या, लहान मुलाची त्याहूनही वर. डेन्मार्कमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१७ साली तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले. त्यांत ऑटिस्टिक व्यक्तींची पट्टी सरासरीने थोडी उंच आणि आवाजातला चढउतार थोडा जास्त आढळला. कमी नव्हे, जास्त! त्याआधी २०१२ साली कॅनडातल्या एका अभ्यासातही ऑटिस्टिक मुलांच्या आवाजाचा पल्ला मोठा भरला होता. पण तीच बोलणी सामान्य श्रोत्यांना ऐकवली तेव्हा त्यांना तो जास्तीचा चढउतार जाणवला नाही. बोलणं 'काहीतरी वेगळं' आहे, एवढंच ते म्हणाले. मला हे फार मोलाचं वाटतं. सूर असतो. तो आपल्या अपेक्षेच्या जागी पडत नाही, म्हणून आपल्याला तो ऐकूच येत नाही.

मग या मुलांचा कान कच्चा असतो का? तसंही नाही. इंग्लंडमध्ये १९९८ साली झालेल्या एका प्रयोगात सुटे स्वर लक्षात ठेवून ओळखण्यात ऑटिस्टिक मुलं इतरांपेक्षा सरस ठरली होती. आमच्याकडे येणाऱ्या मुलांत मिक्सरच्या आवाजावरून तो आपल्या घरचा की शेजारचा हे सांगणारी मुलं आहेत. अडतं ते समोरच्याच्या सुरामागचा हेतू चालू बोलण्यात, क्षणार्धात, ओळखण्यापाशी. आणि आपला हेतू त्याच रूढ सुरात घालून परत पाठवण्यापाशी.

आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या 'हेल' या शब्दाशी थेट जुळते. मूल आईकडून भाषा शिकतं, पण हेल उचलतं तो सवंगड्यांचा. मालवणची आई लग्न होऊन पुण्यात आली तर तिचा हेल आयुष्यभर तिच्याबरोबर राहतो, पण मुलं वाड्यातल्या पोरांसारखी बोलू लागतात. इंग्लंडमध्ये १९९४ साली बाहेरून आलेल्या आयांची मुलं अशीच तपासली गेली. भावंडांनी आजूबाजूच्या मुलांचा हेल घेतला होता. ऑटिस्टिक मुलांपैकी बहुतेकांनी मात्र आईचाच ठेवला होता. आपण कळत नकळत 'मी तुमच्यातला' हे सांगण्यासाठी हेल बदलत असतो. ही मुलं तसं करत नाहीत. मग कुणी आईसारखं बोलतं, कुणी बातम्या देणाऱ्या निवेदिकेसारखं, आणि हल्ली मोबाइलवरच्या कार्टूनमधून शिकून कोल्हापूरकडच्या मराठी घरातलं मूल अमेरिकन धाटणीचं इंग्रजी बोलतं. आजी-आजोबांना आधी कौतुक वाटतं. 'आजोबा, भूक लागली' हे तो म्हणत नाही, हे नंतर लक्षात येतं.

आता त्या जसंच्या तसं म्हणण्याबद्दल. मुंबईतला सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. खोलीतल्या खेळाचा कंटाळा आला की तो म्हणायचा, 'पुढील स्टेशन दादर.' लोकलमधल्या बाईंच्या आवाजात, तीच पट्टी, तोच थांबा, आणि लगेच हिंदी आणि इंग्रजीतही. वडील ओशाळून म्हणायचे, 'काहीही बडबडतो हो.' पण दोन-तीन आठवडे टिपणं ठेवली तेव्हा दिसलं, की हे वाक्य येतं ते नेहमी उठून जायची इच्छा झाली की. दादरला ते तिघे उतरत असत. त्याच्या लेखी त्या वाक्याचा अर्थ होता, 'आता उतरू या, निघू या.' कॅनर यांनीही १९४६ साली असाच एक मुलगा वर्णिला आहे. तो मध्येच 'कुत्र्याला गच्चीतून खाली टाकू नकोस' असं म्हणायचा. तिथे ना कुत्रा, ना गच्ची. शोध घेतल्यावर कळलं, की तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा सज्जातून खाली टाकत होता, तेव्हा आई त्याला हे म्हणाली होती. पुढे काही फेकावंसं वाटलं की तो स्वतःला याच वाक्याने आवरायचा.

या प्रकाराला इकोलालिया म्हणतात, पडसादासारखं बोलणं. पूर्वी ती निरर्थक पोपटपंची मानली जायची आणि बंद पाडायचे प्रयत्न होत. १९८० नंतरच्या दशकात बॅरी प्रायझंट या अमेरिकन वाचा-भाषातज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या चित्रफिती बारकाईने पाहिल्या आणि दाखवून दिलं, की त्यात मागणी असते, होकार असतो, आपली पाळी आल्याची खूण असते, स्वतःला धीर देणं असतं. मूल शब्द सुटे करून घेत नाही; अख्खं वाक्य त्याच्या सुरासकट उचलून ठेवतं, आणि तशा प्रसंगी बाहेर काढतं.

मराठीत यातून जे होतं ते इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. 'मी-तू'ची उलटापालट ही ऑटिझमची एक खूण मानतात; आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी वापरतात त्या चाळीस मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीतही ती आहे. पण मराठीत आपण 'मी' आणि 'तू' बरेचदा म्हणतच नाही. ते क्रियापदात दडलेलं असतं. तहान लागल्यावर मूल 'पाणी हवंय का रे?' असं आईच्याच सुरात, शेवटी आवाज चढवून विचारतं, तेव्हा तो प्रश्न नसतो. ती मागणी असते. मुलगा 'मी दमले गं बाई' म्हणतो, अगदी आजीसारखा उसासा टाकून. पाहुणे हसतात. छोटी मुलं काही काळ असं बोलतातच, पण आठ वर्षांचा मुलगा 'मी आले, मी जाते' म्हणू लागला की शाळेत त्याची टिंगल सुरू होते. तो दमलाय, आणि ते सांगतोय, एवढं ऐकायला कुणाला सवड नसते.

बोलीचा सूर भाषेगणिक वेगळा, हा मुद्दा संशोधकांनी आता कुठे हातात घेतला आहे. २०२२ साली इंग्रजी आणि कँटनीज चिनी बोलणाऱ्या ऑटिस्टिक व्यक्तींची तुलना प्रसिद्ध झाली. बोलण्याच्या लयीतला वेगळेपणा दोन्ही भाषांत सापडला. पट्टीच्या चढउतारातला मात्र इंग्रजीतच. कँटनीजमध्ये सूर बदलला की शब्दच बदलतो, म्हणून तिथे मुलं सुराकडे शब्दाइतकंच लक्ष देत असावीत, असा तर्क करता येतो. मराठी तशी सूरभाषा नाही. प्रश्नासाठी आपल्याकडे 'का' आहे, आग्रहासाठी 'ना', खात्रीसाठी 'च'. मी मुलांना हे छोटे शब्द आवर्जून शिकवते. 'येतोस?' हे सुरावर अवलंबून आहे, 'येतोस का?' हे नाही. जे सुरात जमत नाही ते शब्दात बसवायची सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे, तर ती का वापरू नये?

पण शिकवावं किती, याबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. पालक येतात ते 'बाई, हा नॉर्मल बोलेल ना?' हा प्रश्न घेऊन. काही ठिकाणी मुलांना आरशासमोर उभं करून 'अरे वा! किती छान!' हे वाक्य बाणांच्या खुणांनुसार वर-खाली म्हणायला लावतात. पन्नासदा म्हटल्यावर ते जमतंही. मग वाढदिवसाला भेट उघडताना मूल ते म्हणतं, सगळे खूश होतात, आणि त्या मुलाला ती भेट खरोखर आवडली की नाही हे कुणालाच कळत नाही. आवाज फार मोठा लागतो म्हणून वर्गात बोलणी बसत असतील तर आवाज लहान करायला शिकवावा. भरभर बोलल्यामुळे शब्द कळत नसतील तर थांबायला शिकवावं. मोठ्या मुलाला स्वतःलाच काही बदलावंसं वाटत असेल तर जरूर मदत करावी. आनंदाचं नाटक मात्र शिकवू नये. स्वतःचं ऑटिस्टिकपण दिवसभर लपवत राहण्याचा आणि आत्महत्येच्या विचारांचा संबंध ब्रिटनमध्ये २०१८ सालच्या अभ्यासात मोठ्या ऑटिस्टिक व्यक्तींत दिसून आला आहे. ही किंमत थोडी नाही.

आणि सूर ऐकून माणूस जोखण्याची आपली सवय किती महाग पडते, हे मी जवळून पाहते. चौदा वर्षांच्या एका मुलीची आजी वारली. घरात माणसं जमलेली. ही मुलगी सरळ, सपाट आवाजात म्हणाली, 'आता आजीच्या खोलीत कोण झोपणार?' एक आत्या तोंडावर पदर घेऊन उठूनच गेली. 'मायाच नाही पोरीला' असं सगळ्यांचं ठरलं. ती मुलगी पाचव्या वर्षापासून आजीच्या खोलीत, आजीच्या शेजारी झोपत होती. नऊ वर्षं. तिचा प्रश्न खोलीच्या वाटणीचा नव्हताच. आईने तिला कुशीत न घेता नुसतं विचारलं, 'तुला एकटीला झोपायची भीती वाटते का?' ती म्हणाली, 'हो. आणि आजीचा आवाज नाही येणार.' हेही त्याच सपाट आवाजात.

एका इंजिनिअर झालेल्या तरुणाच्या मुलाखतीचं असंच झालं. 'आमच्याकडे का यायचंय?' या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, 'मला नोकरी हवी आहे आणि हे काम मला येतं.' उत्तर चोख. पण ते आवाजात चढउतार न आणता आणि टेबलाकडे बघत दिलेलं. 'उमेदवारात उत्साह नाही' असा शेरा पडला. पुढे दुसऱ्या एका छोट्या कंपनीने गप्पांऐवजी दोन तासांचं काम करायला दिलं आणि प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवले. तिथे तो लागला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला स्वतंत्र स्थान दिलं. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून ठेवला आहे. पण मुलाखत घेणाऱ्याच्या कानाला कायदा काय करणार?

अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी २०१७ साली हे प्रयोगाने तपासलं. ऑटिस्टिक आणि इतर मोठ्या माणसांची थोडी थोडी बोलणी घेतली. काही लोकांना फक्त आवाज ऐकवला, काहींना चित्रफीत दाखवली, काहींना नुसतं छायाचित्र, आणि काहींना ते जे बोलले होते ते टाइप करून वाचायला दिलं. आवाज ऐकणाऱ्यांचं, चित्र पाहणाऱ्यांचं मत लगोलग वाईट झालं : याच्याशी बोलायला नको, याच्या शेजारी बसायला नको. ज्यांनी फक्त मजकूर वाचला त्यांना दोन्ही गटांत काही फरक दिसला नाही. म्हणजे त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ साली मांडलं, की न समजण्याची ही अडचण दोन्हीकडून असते. ते आपल्याला वाचू शकत नाहीत असं आपण म्हणतो. आपल्यालाही ते वाचता येत नाहीत. फरक इतकाच, की उपचाराला नेहमी त्यांनाच पाठवलं जातं.

घरच्यांना मी एवढंच सांगते, की सुरावरून अंदाज बांधण्याऐवजी शब्दात विचारा, आणि स्वतःही शब्दात बोला. 'वा, फारच शहाणा आहेस!' असं उपरोधाने म्हटलंत तर मूल ती शाबासकी समजून तेच पुन्हा करील. 'मला राग आलाय, कारण तू दूध सांडलंस' असं साधं सांगितलं तर त्याला कळतं. उत्तराला वेळ द्या. मनात दहा आकडे मोजा. आपण तिसऱ्या आकड्याला पुढचा प्रश्न टाकतो आणि पहिल्याचं उत्तर वाटेतच राहतं.

ज्या मुलांना बोलता येतच नाही, आणि ती थोडीथोडकी नाहीत, साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त, त्यांच्यासाठी आता चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारी अ‍ॅप्स आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मोफत आहे आणि मराठीतही चालतं. त्यामुळे मूल बोलायचं थांबेल अशी भीती पालकांना वाटते. तसं होत नाही. माझ्याकडे येणारी एक मुलगी या अ‍ॅपवर 'मला पोहे हवेत', 'आवाज कमी करा', 'दादा कुठे आहे?' असं सांगते. फोनचा आवाज सगळी वाक्यं एकाच सुरात म्हणतो. तरी घरातल्या कुणाला तो उद्धट वाटत नाही. पोहे लगेच येतात. आईला मात्र तो आवाज रुक्ष वाटला, म्हणून तिने दुसरा, गोड आवाज लावून पाहिला. मुलीने फोन परत आईच्या हातात दिला आणि पहिला आवाज लागेपर्यंत एकही चित्र दाबलं नाही.